बोटांपुरती जागा

मेजरच्या बदलीच्या सामानात
प्रेशर कुकर, मुलीची सायकल, वेताच्या दोन खुर्च्या
आणि हे बूट निघाले.
निळे, प्लॅस्टिकचे, चार-चार खटक्यांचे,
एकेक जणू रिकामी बादली.
मिसेस आठशे म्हणाल्या, मी सहाशे दिले
आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी
औलीच्या स्कीइंग कोर्सचा फॉर्म भरला.

आठ दिवस घरात खाडखाड चालले.
खालच्या मजल्यावरच्या कर्डिले काकू
वर येऊन विचारून गेल्या, काही फोडताय का.

दोन मोजे घातले, मग तिसरा.
तरी पहाटे गच्चीवर पाय गार.
निफाडला साडेपाच अंश; पेपरात
द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो.
इथे माझी बोटं, दहा मणी,
त्यांच्यासाठी धूर करायला कोणी नाही.

देवळाली कॅम्पात, लाम रोडच्या कडेला
पुंजाराम अहिरे बसतात.
तोफखान्याच्या पोरांचे बूट त्यांच्याकडेच येतात.
त्यांनी निळ्या बुटात हात घातला, कोपरापर्यंत,
अडलेल्या गाईचं वासरू चाचपावं तसा,
डोळे मिटून.
मी विचारलं, बर्फ पाहिलाय का कधी?
"पाह्यला ना. रसाच्या गाडीवर."

मग म्हणाले, मोजे काढा.
तिन्ही काढा.
पाऊल स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं
(एवढ्या निवांतपणे ते कुणी पाहिलं नव्हतं,
मीसुद्धा)
आणि वरच्या उंचवट्यावर
अंगठ्याने एक जागा दाबली.
"इथं नाडी ऱ्हाती मॅडम.
तुमचा खटका नेमका तिच्यावर बसतो.
रगत खाली उतरंना, मोजे काय करतील?
मोजा गरम नसतो. गरम तुम्ही.
तो नुसतं दार लोटून घेतो.
एकच घाला, लोकरीचा.
सुती नको, सुती घाम सोडत नाही
जुन्या भाडेकरूवानी.
रात्री आतलं अस्तर काढून वाळवा.
अन् बोटांपुरती जागा ठेवा.
हललं तं जितं ऱ्हातं."

आतली एक शिवण तासली,
चाळीस रुपये घेतले.

औलीची गोष्ट थोडीच आहे.
पडले. पहिल्या दिवशी बावीसदा, पुढे मोजलं नाही.
नेगी नावाचा पोरगेलासा शिक्षक
उतारावरून ओरडायचा, घुटने, आंटी, घुटने!
तिसऱ्या दिवशी लिफ्टच्या रांगेत
डाव्या पायाची बोटं गेली.
म्हणजे होती, पण माझी नव्हती.
वाकले, खटका एक दात सैल केला,
आणि बुटाच्या आत, कुणाला न दिसता,
पेटीच्या पट्ट्यांवरून फिरवावीत
तशी बोटं हलवत राहिले.
मुंग्या आल्या.
लाल, चावऱ्या, अगदी नाशिकच्या.
दहा हजार फुटांवर मुंग्या आल्या म्हणून
इतकं खूश कोणी झालं नसेल.

येताना जोशीमठच्या बाजारातून
करडे, जाड मोजे घेतले,
कारण पुंजाराम जानेवारीतही
अनवाणी बसतात शहाबादी तुकड्यावर.
आधी नकोच म्हणाले.
मग पिशवी मांडीखाली सारली.

पुढच्या आठवड्यात पर्सचा बंद शिवायला गेले.
मोजे पायात होते.
टोकं कापलेली. दोन्ही अंगठे बाहेर,
रुंद, काळे, रापलेले;
कापल्या कडेला मेणदोऱ्याचा टाका,
गोल, इतका बारीक
की मोजा तसाच विणला असावा असं वाटे.
दोऱ्याचं एक टोक दातात,
दुसरं पायाच्या अंगठ्यात ताणून
ते माझ्या बंदाला भोक पाडत होते.
मी पाहतेय हे पाहून
दोरा न सोडताच म्हणाले,
"ह्याला झाकून नाही जमत.
हा कामाला जातो."